जत्ती कोणते राष्ट्रपती: हंगामी, प्रभारी की काळजीवाहू?

करवीर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘कोल्हापुरात कायदा शिकलेले बसप्पा दानप्पा जत्ती राष्ट्रपती होते, असं आजोबा सांगतात. यादीत मात्र पाचवे फक्रुद्दीन अली अहमद आणि लगेच सहावे नीलम संजीव रेड्डी. मग जत्तींना काय म्हणायचं? हंगामी तर आमच्याकडे साखर कारखान्यातल्या कामगाराला म्हणतात.’

आजोबांचंही खरं आणि यादीचंही. ११ फेब्रुवारी १९७७ ला अहमद गेले, तेव्हा जत्ती उपराष्ट्रपती होते. २५ जुलैला रेड्डींनी शपथ घेईपर्यंत राष्ट्रपतिपदाचं काम त्यांनी पाहिलं. निवडून आलेले नव्हते, म्हणून क्रमांक नाही.

‘काळजीवाहू’ इथे साफ चुकीचा. राजीनामा दिलेलं सरकार नवं येईपर्यंत रोजचा कारभार बघतं आणि मोठे निर्णय टाळतं, ते काळजीवाहू. जत्तींच्या साडेपाच महिन्यांत तर आणीबाणी उठली, मोरारजी देसाईंना त्यांनी शपथ दिली, आणि ३० एप्रिलला नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या. त्या कागदांवर सही करायला ते आधी अडखळले, पण सही त्यांचीच लागली! अनुच्छेद ६५ अशा वेळी उपराष्ट्रपतीला राष्ट्रपतीचे सगळे अधिकार देतो.

‘प्रभारी’ही बसत नाही. प्रभारी मुख्याध्यापक स्वतःचे तास घेतघेत शाळा सांभाळतात. उपराष्ट्रपती मात्र त्या काळात राज्यसभेच्या सभापतीचं काम करत नाही. अनुच्छेद ६४ तसं सांगतो.

‘कार्यवाहक’ चालेल. पण मराठीत कार्यवाह म्हणजे संस्थेचा चिटणीस, वाचनालयाच्या पत्रकाखाली सही करणारा. माझ्या कानाला आधी तोच ऐकू येतो.

म्हणून माझी पसंती ‘हंगामी’ला. हा फारसीतला शब्द, हंगाम म्हणजे काळ, वेळ. तो मुदत सांगतो, अधिकार कमी करत नाही. गाळप सुरू झालं की हंगामी कामगारही पूर्ण पाळी भरतो, यंत्र अर्ध्या वेगाने चालवत नाही. तुमच्या निबंधात बिनधास्त लिहा: ‘फेब्रुवारी ते जुलै १९७७ या काळात जत्ती हंगामी राष्ट्रपती होते.’ फक्त ‘माजी राष्ट्रपती’ लिहू नका, ‘माजी उपराष्ट्रपती’ लिहा.