नाईट स्प्लिंट लावून झोप लागत नाही

प्रश्न : मी ४४ वर्षांची शिक्षिका आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी आठवड्यातून तीन दिवस यवतेश्वर घाटात धावते. दोन महिन्यांपासून सकाळी उठून उजवा पाय जमिनीवर टेकवला, की टाचेच्या तळाशी खिळा टोचल्यासारखी कळ येते. हल्ली टाचेच्या मागची शीरही दुखते. डॉक्टरांनी प्लांटर फॅशिआयटिसचे (तळपायाच्या जाड पट्ट्याचे दुखणे) निदान करून नाईट स्प्लिंट, म्हणजे रात्री पायाला बांधायचा पट्ट्यांचा आधार, दिला आहे. तो घट्ट आवळून झोपले, की तासाभरात बोटांना मुंग्या येतात, पोटरी ताठते आणि मध्यरात्री मी तो काढून टाकते. चार रात्री असेच झाले. सवय होईपर्यंत सहन करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सहन करू नये. आपल्या पत्रातील ‘घट्ट आवळून’ हे शब्द वाचताच अडचणीचे कारण लक्षात आले. झोपेत आपले पाऊल नकळत खाली झुकते. त्यामुळे पोटरीचे स्नायू आणि तळपायाचा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, रात्रभर आखडून राहतात आणि सकाळच्या पहिल्या पावलाला अंगाचा सगळा भार एकदम पडून ते ताणले जातात. पाऊल नडगीशी साधारण काटकोनात धरून ठेवणे, एवढेच स्प्लिंटचे काम आहे. जास्त ओढले म्हणजे लवकर बरे वाटेल, ही समजूत मला रुग्णांमध्ये वारंवार आढळते आणि तिच्यापायीच अनेकांचा स्प्लिंट पहिल्याच आठवड्यात कपाटात जातो.

स्प्लिंटसोबत बोटांखाली ठेवायची पाचर आली असेल, तर ती सध्या काढून ठेवावी. आत सुती मोजा घालावा, टाच मागे पूर्ण टेकवावी आणि पट्टे एवढेच ओढावेत की त्यांच्याखाली दोन बोटे सहज जातील. मग अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. पहिले तीन-चार दिवस तो लावून झोपूच नये. संध्याकाळी वह्या तपासत बसाल तेव्हा तासभर लावावा, नंतर झोपेचे पहिले दोन तास, आणि पुढे जमेल तसा वेळ वाढवावा. बहुतेकांना रुळायला एक-दोन आठवडे लागतात. मध्यरात्री जाग येऊन तो काढावासा वाटला, तर खुशाल काढावा. तेवढे तासही वाया जात नाहीत. मुंग्या आल्या, तर मात्र पट्टे लगेच सैल करावेत.

पोटरी ताठण्याचे एक कारण गुडघ्यात आहे. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, त्यामुळे पाय सरळ असताना तो अधिक ताणला जातो. उताणे झोपताना गुडघ्याखाली पातळ उशी घेतली, की हा ताण लगेच उतरतो. अंगावर जड गोधडी घेत असाल, तर तिचे ओझे बोटांवर येऊ देऊ नये. स्प्लिंट लावून चालू नये, रात्री बाथरूमला जायचे असले तरी. गुळगुळीत फरशीवर तो हमखास घसरतो.

आता मागच्या शिरेविषयी, कारण तिला स्प्लिंटचा तेवढा उपयोग नाही. ही शीर म्हणजे अकिलिस टेंडन, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड दोर. तिच्या मधल्या भागात, म्हणजे टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वर दुखत असेल, तर व्यायामाला स्प्लिंटची जोड देऊन वेगळा फायदा झाल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. तिथे खरा उपाय शिरेवर हळूहळू भार वाढवण्याचा आहे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडतात. १५ वेळांच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे अगदी हाडाला चिकटून असेल, तर मात्र टाच पायरीच्या खाली जाऊ देऊ नये आणि स्प्लिंटमध्येही पाऊल काटकोनापेक्षा वर ओढू नये, कारण त्या स्थितीत शीर हाडावर दाबली जाऊन आणखी चिडते. आपली दुखरी जागा नेमकी कोणती, हे फिजिओथेरपिस्टला बोट ठेवून दाखवावे आणि व्यायाम त्यांच्याकडूनच शिकून घ्यावा.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्प्लिंट वापरू नये. एकाच पोटरीला अचानक सूज आली व ती गरम लागली, किंवा धावताना मागे फटका बसल्यासारखे होऊन टाच उचलता येईनाशी झाली, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

घाटाच्या चढावर पोटरी आणि शीर दोन्हींवर जादा ताण येतो, म्हणून तूर्त घाट सोडून सपाट रस्त्यावर, दुसऱ्या सकाळी दुखणे वाढणार नाही एवढेच धावावे. सकाळचे पहिले पाऊल सलग दोन आठवडे विनातक्रार पडू लागले, की स्प्लिंट एक दिवसाआड लावून पाहावा.