वडिलांच्या आजीचं (आईच्या आईचं) माहेर घरात कुणालाच माहीत नाही. आईकडून येणाऱ्या डीएनएच्या चाचणीतून ते कळेल का?

गावाचं नाव कळणार नाही. पण आजीबद्दल घरात कुणी काही ठोकून देत असेल, तर ते तपासता येतं. मी तपासलंय, म्हणून लिहितेय.

माझ्या आईची आजी, म्हणजे तिच्या आईची आई, हर्णैला वाढली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, माणसं कोकणात पळाली, त्या गर्दीत ही सहा-सात वर्षांची पोर एकटीच बंदरावर उतरली. एका घराने ठेवून घेतली. डोळे घारे, रंग गोरा. तेवढ्यावरून आमच्या मामाने तिला इराणी ठरवून टाकलं. "आपलं रक्त बाहेरचं," हे तो प्रत्येक लग्नात पंगतीत सांगायचा. अहो, घारे डोळे कोकणात घरोघरी आहेत!

आईला ते फार लागायचं. दिवाळीत शेजारणींना माहेरचं बोलावणं यायचं, माझ्या पणजीला कुठून येणार? मग ही स्वतःच बाजारातून एक खण आणायची, हळदीचं बोट लावायची आणि मुलींना सांगायची, माझ्या माहेरून आला. त्यातला एक हिरवा खण माझ्या आजीच्या पेटीत शेवटपर्यंत होता. कोपऱ्यावरचा तो पिवळा डाग मी बोट फिरवून पाहिलाय. ती इथलीच, कुठल्या तरी जवळच्या गावातली, असं आई म्हणायची. मामा तिला गप्प बसवायचा.

आई गेल्यावर मी चाचणी केली. मामा म्हणाला, "तुझ्यात तुझ्या बापाचं रक्त आहे, ते काय धरायचं?" मग त्याच्याही गालातून फाया फिरवून नमुना पाठवला. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग; त्याचा डीएनए आई मुलाला देते तसा मुलीलाही देते, पुढे मात्र फक्त मुलीच देतात. बापाचा त्यात संबंधच येत नाही. त्या डीएनएची आमची दोघांची १६,५६९ अक्षरं तंतोतंत जुळली. आईकडच्या वंशाचा गट निघाला एम५, भारतीय उपखंडातली हजारो वर्षं जुनी शाखा. इराण वगैरे काही नाही. आईचंच खरं होतं.

इंग्लंडच्या राजघराण्यातही हेच झालं. डायनाच्या आईकडच्या वंशात सुरतेची एलायझा केवार्क होती, ईस्ट इंडिया कंपनीतल्या थिओडोर फोर्ब्ज नावाच्या माणसाच्या घरची. घरच्यांनी तिला आर्मेनियन म्हणून सांगितलेलं. २०१३ साली त्या वंशातल्या नातेवाइकांची चाचणी झाली आणि आर३०बी निघाला, जवळजवळ फक्त भारतात सापडणारा गट.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ही चाचणी आईची आई, तिची आई, एवढी एकच ओळ दाखवते. केवार्क हे आडनाव आर्मेनियन धाटणीचं आहे, म्हणजे एलायझाचा बाप आर्मेनियन असू शकतो. मामानेही हेच धरलंय: "बाप इराणी असेल!" असेलही. पण तो इतकी वर्षं आईचं कूळ बाहेरचं म्हणत होता, ते खोटं ठरलं. आणि एम५वरून जिल्हा, जात काही कळत नाही. जे सांगतात कळतं, त्यांना पैसे देऊ नका. स्वस्तातल्या चाचण्या "तीन टक्के इराणी" असं काहीबाही छापून देतात, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मायटोकॉन्ड्रियाची पूर्ण साखळी वाचणारीच चाचणी घ्या.

तुमचा स्वतःचा नमुना मात्र इथे उपयोगाचा नाही. तुमच्यात तुमच्या आईचा मायटोकॉन्ड्रिया आहे. वडिलांचा घ्या, नाहीतर सख्ख्या आत्याचा किंवा आत्याच्या मुलांचा. वडील, आत्या थकलेल्या असतील तर या दिवाळीतच उरका. आणि घरात जो कुणी आजीला परदेशी ठरवत असेल, तो तिच्या मुलीच्या किंवा मुलीच्या मुलीच्या पोटचा असला तर त्याचाही फाया त्याच दिवशी, सगळ्यांसमोर घ्या. नंतर नमुना बदलला म्हणायला जागा राहत नाही.