बर्फावर गोठलेलं औषध

प्रश्न: वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू आहे. परवा जळगावहून बाटली आणताना ऊन फार म्हणून डबा बर्फाने गच्च भरला. घरी येऊन पाहते तर औषध गोठलेलं! आता वितळून स्वच्छ दिसतंय. चालेल का? शेजारचे काका म्हणतात, इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणं, गुळवेलीचा काढाही तेच करतो. खरं का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर: ताई, आधी बाटलीचं. ती वापरू नका. दुकानदाराला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गोठली होती’ असं स्पष्ट सांगा. एवढं महाग औषध, जीव तुटतो, कळतं मला. मी अमळनेरची, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, मग माणूस बर्फ घालताना हात आखडत नाही. औषधाला हवं २ ते ८ अंश. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा टॉवेल हवाच.

हे औषध म्हणजे अँटीबॉडी, चार साखळ्यांचं घडी घातलेलं प्रथिन. त्याचं सगळं काम त्या घडीवर. गोठताना पाण्याचा आधी बर्फ होतो आणि प्रथिन उरलेल्या थेंबभर पाण्यात कोंबलं जातं, लग्नसराईतल्या भुसावळ-यावल एसटीसारखं. तिथे घड्या उसवतात, रेणू एकमेकांना चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होतो का? तसंच हे. प्रयोगशाळेत माझं रोजचं काम या गुठळ्या शोधण्याचंच. सुरुवातीला मीही बाटली खिडकीशी धरून ‘स्वच्छ’ असं वहीत लिहायचे. तीच बाटली लेझरच्या यंत्रात घातली की गुठळ्याच गुठळ्या. तेव्हापासून डोळ्यांवर विश्वास नाही.

आता काकांचं. टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी. तिच्यावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं, बैलाच्या कासऱ्यासारखं. ओढलं की पेशी थांबते. जपानच्या क्योटोत शास्त्रज्ञ तासुकू होन्जो यांच्या गटाला ते १९९२ साली सापडलं, तेव्हा त्याचा संबंध पेशीच्या मरणाशी वाटला, म्हणून नावातला ‘डी’ म्हणजे ‘डेथ’. तो कासरा आहे हे पुढे उलगडलं, आणि २०१८ साली जेम्स ॲलिसन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. कॅन्सरच्या काही पेशी नेमका हाच कासरा धरून ठेवतात. तुमचं औषध पीडी-१वर चिकटून बसतं, त्यांना धरायला जागाच उरत नाही. बैल तोच, ताकदही तीच. काढ्याचा इथे संबंध काय? उलट गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. वडील काढा घेत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि मोकळा सुटलेला बैल कधी आपल्याच शेतात शिरतो. आतडी, फुफ्फुस, यकृत, थायरॉइड, कुठेही सूज येऊ शकते, औषध थांबवल्यावरही. वडिलांना जुलाब लागले किंवा धाप वाढली, तर ‘ऊन बाधलं’ म्हणून ताक-साखरेवर भागवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.