रिक्वायरमेंट्स आणि गोल मॉडेलिंगवर रिसर्च करणाऱ्या प्रोफेसरांकडे एमटेकचा प्रोजेक्ट घ्यावा का? नोकरीत त्याचा काही उपयोग होतो का?

बिनधास्त घ्या. गोल मॉडेलिंग म्हणजे सॉफ्टवेअर कोणाच्या कुठल्या हेतूसाठी (गोल) हवंय आणि कोण कोणावर अवलंबून आहे ते आकृती काढून तपासणं. "नोकरीत कोण असल्या डायग्राम काढत बसतं" हे मी एका सीनियरच्या तोंडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर करत होतो. रिक्वायरमेंट अशी की डॉक्टरांनी अप्रूव्ह केल्याशिवाय रिपोर्ट पेशंटला जाणार नाही. सीनियरने स्क्रीन केली, बटण दिलं, टेस्ट केसेस पास, क्लायंटची सही, विषय संपला. मी बोर्डवर आय-स्टार या गोल मॉडेलिंगच्या पद्धतीचं मॉडेल काढलं, एरिक यू यांनी टोरंटोत १९९५ च्या पीएचडीत मांडलेलं तेच, प्रत्येक माणसाचं एक वर्तुळ आणि कोण कशासाठी कोणावर अडून आहे त्याच्या रेघा. रिसेप्शनला रिपोर्ट दुपारी हवा, तो देणार टेक्निशियन, टेक्निशियन अडलेला डॉक्टरांच्या अप्रूव्हलसाठी, आणि डॉक्टर येणार संध्याकाळी! मग दुपारी अप्रूव्ह कोण करतं? लॅबमध्ये जाऊन विचारलं तर टेक्निशियन सरळ म्हणाला, डॉक्टरांचा पासवर्ड आमच्याकडेच असतो की. म्हणजे रिक्वायरमेंट अगदी पूर्ण, बटण रोज दाबलं जाणार, आणि चुकीचा रिपोर्ट बाहेर जाऊ नये हा जो मूळ हेतू तो वाऱ्यावर. शेवटी रेंजबाहेरचे रिपोर्ट लगेच डॉक्टरांच्या मोबाइलवर जातील अशी सोय झाली. सीनियरचं म्हणणं आजही तेच, हे आपल्या स्कोपमध्ये नव्हतं, युझर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय करायचंय ते सांगणारं एक वाक्य, पुरेशी होती. कशी पुरेशी? 'डॉक्टर म्हणून मला रिपोर्ट अप्रूव्ह करायचाय' ही स्टोरी तर पासवर्ड वाटल्यावरही पासच होते.

व्हॅन लॅम्सवीर्डे यांच्या केओस या गोल मॉडेलिंगच्या दुसऱ्या पद्धतीत यासाठीच ऑब्स्टॅकल ॲनॅलिसिस आहे. प्रत्येक गोलला विचारायचं, हा कशाने मोडेल? १९९२ साली लंडन ॲम्ब्युलन्सची डिस्पॅच सिस्टीम, म्हणजे कुठली गाडी कुठे पाठवायची ते ठरवणारी, कोलमडली, तीच केस त्यांनी वापरली. तिथे गाडीतल्या लोकांनी बटणं वेळच्या वेळी दाबली तरच सिस्टीमला गाडी मोकळी आहे की कामावर ते नीट कळणार होतं. आणि 'लवकर' विरुद्ध 'बिनचूक' ही ओढाताण सॉफ्टगोलमध्ये, म्हणजे 'पूर्ण झाला की नाही' असं काटेकोर मोजता न येणाऱ्या हेतूंमध्ये, प्लस-मायनस टाकून समोर मांडता येते, नाहीतर मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

हां, इंटरव्ह्यूला आय-स्टार कोणी विचारणार नाही, आणि मॉडेल फार वाढलं की काढणाऱ्यालाही ते वाचता येत नाही, हे खरंय. नुसतं आणखी एक नोटेशन बनवायचं काम असेल तर नकोच. प्रोफेसरांना आधी विचारा की केस स्टडी कुठली आणि खऱ्या युझर्सशी बोलायला मिळेल का. मिळणार असेल तर लगेच हो म्हणा, आणि पुढे नोकरीत कोणी 'क्लायंटची सही आहे ना' म्हणून गप्प करायला लागलं तर सही राहू द्या बाजूला, वापरणाऱ्याला जाऊन भेटा.