रात्री डोकं थांबत नाही तेव्हा

अरे, तुझ्या वयात मेंदू मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, उशिरा सोडतो, त्यामुळे दहाला झोप न येणं म्हणजे आळस नव्हे. आईलाही हे सांग. पण झोप ८ ते १० तास लागतेच, आणि सकाळची शाळा कुणासाठी थांबत नाही.

अंथरुणात विचारांशी भांडू नकोस. जेवणाआधीच दहा मिनिटं वहीत सगळं उतरव: गणिताचा पेपर, मित्राचं न आलेलं उत्तर, काहीही. खाली उद्या करायची एकच गोष्ट लिही. तरी वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर ऊठ आणि मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाच. नागरिकशास्त्र मला फार उपयोगी पडलं. घड्याळ मात्र बघायचं नाही. फोन उशाशी नको; ऐरोलीतल्या वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार, म्हणून ओट्यावर चार्जिंगला लाव. क्लासनंतरची कटिंग बंद, चहातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात. रविवारी दुपारपर्यंत लोळणंही नको.

दोन-तीन आठवडे असंच चाललं तर घरी सांग, डॉक्टरांना दाखव. जगणं नको वाटलं, तर एक रात्रही थांबू नकोस: घरातल्यांना उठव किंवा १४४१६ लाव. ती सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, मोफत, रात्रंदिवस चालू, आणि मराठीतही बोलता येतं.