मुलगी शंभर मीटर धावते. राष्ट्रीय इनडोअर ॲथलेटिक्ससाठी वेगळी तयारी लागते का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी सतरा वर्षांची आहे, शंभर आणि दोनशे धावते, राज्य स्पर्धेत फायनलपर्यंत पोचते, आणि आता तिच्या सरांनी राष्ट्रीय इनडोअर स्पर्धेचं नाव काढलंय. पुढे विचारलंय, ‘छताखाली धावायचं, एवढाच फरक ना?’

नाही हो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. आम्हा इंदूरकरांना ‘इनडोअर’ म्हटलं की अभय प्रशाल हा आमचा बंदिस्त क्रीडा हॉल आठवतो आणि टेबल टेनिसची टेबलं डोळ्यांपुढे येतात. छताखाली धावायचा ट्रॅक कसा मावणार? मावतो, पण अंग चोरून मावतो. सगळी भानगड त्या अंग चोरण्यातच आहे.

बाहेरचा ट्रॅक ४०० मीटरचा, आतला २०० मीटरचा. बाहेर वळणाची त्रिज्या साडेछत्तीस मीटर, तर आत जेमतेम सतरा. एवढ्या तोकड्या वळणावर पूर्ण वेगातलं पोर बाहेर फेकलं जाईल, म्हणून वळणाची बाहेरची बाजू साधारण दहा अंशांनी उचललेली असते. टीव्हीवर हा उतार कळतच नाही. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमच्या आवारात असा ट्रॅक आहे. तिथे पहिल्यांदा वळणाशी उभा राहिलो आणि मला जत्रेतला मौत का कुआँ आठवला. पोरींना हे बोललो नाही, उगाच घाबरल्या असत्या.

शंभर मीटर तिथे नसतेच. मधल्या सरळ पट्टीत ६० मीटर बसतात, म्हणून शर्यत ६० ची आणि अडथळ्यांची शर्यतही ६० चीच. बाकी ४०० पासून ३००० पर्यंतच्या शर्यती, चारही उड्या (लांब, तिहेरी, उंच आणि बांबूची) आणि गोळाफेक. भाला, थाळी आणि हातोडा नाही. छताखाली ते कोण फेकू देईल?

आता मुख्य मुद्दा. ६० मीटर म्हणजे शंभरातून चाळीस वजा, असं समजू नका. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला शंभर मीटरमध्ये ९.५८ सेकंद काढले तेव्हा त्याचा सगळ्यात वेगवान टप्पा ६० ते ८० मीटरचा होता. म्हणजे बोल्ट जिथे खरा पळायला लागतो, तिथे ही शर्यत संपलेली असते! तेव्हा मुलीच्या शंभराचा व्हिडिओ काढा आणि फक्त एवढंच बघा, शेवटच्या तीस मीटरमध्ये ती इतरांना मागे टाकते की इतर तिला गाठतात? मागे टाकत असेल तर बाहेर ती भारी, पण आत तिला जड जाईल. गाठली जात असेल तर सरांचा सल्ला सोन्यासारखा आहे. आमच्याकडे एक मुलगी होती. शंभरात कायम चौथी-पाचवी यायची, पण पहिल्या चाळीस मीटरपर्यंत तिच्या पुढे कोणी नसायचं. अशांसाठीच ही शर्यत आहे.

त्यामुळे तयारीत ब्लॉक्स (सुरुवातीला पाय रोवायचे ठोकळे) आणि पहिली दहा पावलं यांवरच भर द्या. बंद हॉलमध्ये पिस्तुलाचा आवाज घुमतो, कधी कधी वेगळ्याच बाजूने आल्यासारखा वाटतो, आणि सवय नसलेलं पोर दचकतं. चूक करायला जागा नाही. एकदा आधी निघालात की थेट बाद, आणि आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हललात तरी ते आधीच धरतात.

वेळेचंही सांगून ठेवतो, नाहीतर घरी येऊन रडारड होते. शाळेच्या मैदानावर सर हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ घेतात. धूर किंवा हात दिसला की आपलं बोट जरा उशिरानेच दाबलं जातं, म्हणून वेळ कमी भरते. हाताने घेतलेल्या वेळेत ०.२४ मिळवायचे असा जुना ठोकताळा आहे. मुलगी घरी ६० मीटरचे ७.८ सांगत असेल तर इलेक्ट्रॉनिक घड्याळात ८.०४ धरा. वर आत वारा नसतो. बाहेर पाठीवरचा वारा सेकंदाला २ मीटरपर्यंत असला तरी चालतो आणि ती मदत वेळेत मुरून जाते. आत जे दिसतं ते निव्वळ पायांचं.

आता माझ्या भाचीची गोष्ट. तिच्यामुळेच हे उत्तर लिहायला बसलो.

पहिल्याच इनडोअर स्पर्धेत हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ती पन्नास मीटरपर्यंत पुढे होती. पन्नासनंतर तिची छाती वर आली, हात सैल पडले, आणि दोघींनी तिला रेषेवर गाठलं. फायनल शतांशांनी हुकली. दुखापत नाही, दम लागलेला नाही. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, ‘मामा, भिंत अंगावर आली.’

तिचं खरंच होतं. बाहेर शंभर मीटर संपल्यावर पुढे अख्खं वळण मोकळं असतं, पोरं आरामात थांबतात. आत रेषेनंतर दहा-पंधरा मीटरवर जाड गाद्या लावलेली भिंत असते आणि मोठमोठे धावपटूही तिच्यावर जाऊन आदळतात. आदळायचंच असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा भिंतीच्या दिशेने जीव तोडून धावायचं म्हटलं की डोकं काही म्हणो, शरीर ब्रेक लावतं. आणि तो ब्रेक रेषेच्या अलीकडे लागतो.

परत आल्यावर आम्ही काय केलं? शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला घरातल्या जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. चार आमच्या, दोन शेजारच्या काकूंच्या (त्यांना आधी वाटलं उन्हात घालायला नेतोय). मागून दोरी, खाली विटा. भिंतीपासून बारा मीटर मोजून चुन्याची रेषा मारली आणि तिच्यामागे साठ मीटर. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी रेषेआधीच थबकल्या. मग मी गंमत केली, रेषेवरच्या वेळेला मार्कच नाहीत, गादीला दोन्ही तळवे लावाल तेव्हाच धाव पूर्ण. तिसऱ्या आठवड्यात गादीची शिवण उसवली आणि कापूस बाहेर आला, तेव्हा समजलो की आता काम झालं. हात कोपरात किंचित वाकवूनच लावायला शिकवा, ताठ हाताने मनगट दुखतं.

दोनशेबद्दल स्पष्ट सांगतो, स्पर्धेत ती ठेवलेली असली तरी नावच देऊ नका. आत दोनशे म्हणजे पूर्ण फेरी आणि दोन्ही वळणं घट्ट. त्यात आतल्या लेनवालीला वळण इतकं आवळतं की ती पळण्यापेक्षा तोल सांभाळते. चिठ्ठीत लेन कोणती आली यावर निकाल ठरायला लागला, म्हणून जागतिक इनडोअर स्पर्धेतून २०० मीटर २००४ नंतर काढूनच टाकली. जगातल्या सर्वोत्तमांना जमेना, तिथे आपण कशाला नशीब अजमावायचं?

चारशेचा विचार असेल तर तो पुढल्या वर्षी. दोन फेऱ्या असतात. पहिली दोन वळणं आपापल्या लेनमध्ये काढायची, मग सगळ्या एकदम आतल्या लेनकडे तुटून पडतात. तिथे कोपरं लागतात, स्पाइक्स (बुटांचे खिळे) लागतात, आणि जी आधी आत शिरली तिला मागे टाकायला लांबून फिरून जावं लागतं. लाजाळू पोरगी असेल तर तिचं तिथे काही खरं नाही. सरावाला ट्रॅक लागतोच असं नाही. आम्ही मैदानात खुंटी ठोकून सतरा मीटरची दोरी फिरवतो आणि चुन्याने वळण आखतो. उचललेला उतार मिळत नाही, पण वळण किती आवळतं ते पायांना समजतं. सपाटीवर पूर्ण वेगात मात्र धावू देऊ नका, घोटे जातात.

अडथळ्यांची आवड असेल तर विचार करा. शंभराच्या शर्यतीत दहा अडथळे, इथे पाचच. उंची आणि अंतर तेच, म्हणून बाहेरची लय जशीच्या तशी चालते. आपल्या ज्योती याराजीने २०२४ साली तेहरानला आशियाई इनडोअरमध्ये ८.१२ सेकंदांत सुवर्ण घेतलं ते याच शर्यतीत. पोरींना तिचा व्हिडिओ दाखवतो तेव्हा मी पहिल्या अडथळ्यापर्यंतचीच पावलं मोजायला लावतो, बाकी त्या आपोआप बघतात.

किरकोळ गोष्टी. स्पाइक्सच्या खिळ्यांची लांबी स्पर्धेच्या पत्रकात बघा, आत सहसा ६ मिमीच चालतात, आणि बाहेरचे ९ चे घेऊन गेलात तर तपासणीत ऐन वेळी बदलायला लावतात. पाना बॅगेत ठेवा. हॉलची हवा कोरडी असते, लांब पल्ल्याच्या पोरी शर्यतीनंतर अर्धा तास खोकतात. ६० वालीला तेवढं होत नाही, पण पाण्याची बाटली जवळ असू द्या. भुवनेश्वरला जायचं झालं तर दोन दिवस आधी पोचा. इतक्या लांबच्या रेल्वेप्रवासात मांड्या आखडतात आणि आखडलेल्या मांड्यांनी ब्लॉक्समधून निघालं की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जाते. ॲथलेटिक्स फेडरेशनचा नोंदणी क्रमांक सरांनी काढलाय ना, तेही एकदा विचारून घ्या.

इंदूरचे असाल तर शनिवारी संध्याकाळी आम्ही गाद्या लावतो. इथे प्रतिसादात कळवा, मुलीला घेऊन या. एक जुनी गादी आणलीत तर आणखी बरं, आमच्यातल्या दोन आता पिंजाऱ्याकडे गेल्यात.