‘ओखाला’ म्हणजे इन्शाल्ला नव्हे

प्रश्न असा आहे: स्पॅनिशमध्ये ‘ओखाला’च्या पुढे ‘के’ (आपला ‘की’) लावायचा की नाही? उदाहरण दिलंय ‘ओखाला बोय मान्याना’, अर्थ म्हणे ‘इन्शाल्ला, उद्या जातो’. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. अहो, इन्शाल्ला जोडतात आश्वासनाला: येतो, देवाची मर्जी असेल तर. त्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘सी दियोस किएरे’ आहे, ते वाक्याच्या शेवटी खुशाल लावा. ‘ओखाला’ ही निव्वळ आस. तिच्यापुढे साधा वर्तमानकाळ येतच नाही.

आणि मराठी माणसाने इथे अडखळावं? ‘ओखाला युएबा’ म्हणजे पाऊस पडो. ‘ओखाला योबिएरा’ म्हणजे पडता तर! (आभाळ कोरडं आहे.) ‘ओखाला उबिएरा योबिदो’ म्हणजे पडला असता तर! तिन्ही छटा आपल्याकडे तयार आहेत. कुणी म्हणालं, ‘तुला नोकरी लागेल’, तर उत्तरादाखल नुसतं ‘ओखाला!’, म्हणजे आपलं ‘तुमच्या तोंडात साखर पडो’.

आता व्युत्पत्ती. शब्द अरबी आहे, यावर वाद नाही. 711 ते 1492 या काळात इबेरियात (आजच्या स्पेन-पोर्तुगालात) मुस्लिम राजवटी होत्या. वाद आहे तो पहिल्या अक्षराचा. स्पॅनिशचे व्युत्पत्तिकार कोरोमिनास ‘व शा ल्लाह’ मानतात, ‘आणि देव करो’. हा ‘आणि’ कशाला जोडायचा? एवढा मोठा व्युत्पत्तिकार इथे सपशेल चुकला, असं माझं ठाम मत आहे. स्पॅनिश राजअकादमीच्या कोशातलं ‘लव शा ल्लाह’च बरोबर. अरबीत ‘जर’ एकाहून अधिक: इन्शाल्लातला ‘इन’ शक्य गोष्टीसाठी, ‘लव’ न घडलेल्या गोष्टीसाठी. म्हणून ‘लव शा ल्लाह’ म्हणजे ‘देवाच्या मनात असतं तर!’ ‘योबिएरा’तली हुरहुर त्या ‘लव’मधूनच आली, असं मी मानतो. ‘अव’चा ‘ओ’ झाला याचं नवल आपल्याला तरी वाटू नये. लवणाचं लोण होऊनच आपलं लोणचं मुरलं. आरंभीचा ‘ल’ गळाला कसा, असं विचारतात. रोजच्या तोंडी असलेले उद्गार झिजतातच.

मधला ‘ख’ मागाहून आला. जुन्या स्पॅनिशमध्ये तिथे ‘श’ होता, पोर्तुगीजमध्ये अजून ‘ओशाला’च आहे. स्पेनमधल्या खेरेस गावची दारू इंग्रजांनी उचलली तेव्हा गावाचं नाव ‘शेरेस’ असं उच्चारत, म्हणून ती ‘शेरी’ झाली. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हा ‘ख’ मऊ होऊन ‘ओहाला’ ऐकू येतं. आघात मात्र सगळीकडे शेवटच्या ‘ला’वर.

‘के’चं राहिलंच. लावा किंवा लावू नका, दोन्ही शुद्ध: ‘ओखाला युएबा’, ‘ओखाला के युएबा’. तुमच्या वाक्यात ‘बोय’च्या (जातो) जागी ‘बाया’ (जावो) घाला. मग अर्थ होईल ‘उद्या मला जायला मिळो’.